कुऱ्हाडमोड्याच्या फुलांसाठी कुरासावला

सोमवार

शनिवारी सकाळी मैत्रिणीचा फोन आला तेव्हा मी आणि आई मेथी निवडत बसलो होतो. "काल रात्री बांदाबाऊला पाऊस झाला. आत्याच्या अंगणातलं पिंप भरलं," एवढंच ती म्हणाली. मी हात पुसले, लॅपटॉप उघडला आणि सोमवारची दोन तिकिटं काढली. कितीला पडली ते आईला अजून सांगितलेलं नाही.

ही मैत्रीण मूळची कुरासाव या कॅरिबियन समुद्रातल्या बेटाची, बांदाबाऊ हा त्याचा पश्चिमेकडचा भाग. इथे हॉलंडमध्ये आमस्टेलवेनला ती माझ्याच टीममध्ये आहे. गेली तीन वर्षं ती मला फोनवर एक फोटो दाखवते. तपकिरी, रखरखीत डोंगर आणि त्यावर पिवळेधमक ठिपके. झाडाचं नाव किब्राहाचा. वर्षातला बराच काळ बेटावरच्या इतर काटक्यांसारखीच एक काटकी. पाऊस पडला की काही दिवसांत अख्खं झाड एकदम फुलतं आणि तीन-चार दिवसांत आवरतं घेतं. बहुतेकदा एप्रिल-मेमध्ये, पण तारीख ठरवणार पाऊस. गेल्या वर्षी तिनं सोमवारी फोटो दाखवला, मी शुक्रवारपर्यंत रजेची जुळवाजुळव करत बसले आणि तोवर फुलं मातीत. म्हणून यंदा साहेबाला आधीच सांगून ठेवलं होतं की एक दिवस मी न विचारता गायब होईन.

आई आटपाडीहून तीन महिन्यांसाठी आली आहे. पंधरा दिवस हॉलंडची रिपरिप बघून ती कंटाळली होती. "हितं पाऊस रोज येतो, पण त्येला कुणी इचारत न्हाई," असं तिचं म्हणणं. झाड एका पावसावर फुलतं म्हटल्यावर ती लगेच तयार झाली.

साधारण दहा तासांचं विमान. घड्याळ सहा तास मागे जातं, त्यामुळे निघालो त्याच दिवशी दुपारी उतरलो. विमानतळाबाहेर पहिली भेट वाऱ्याची. पूर्वेकडून येणारा हा वारा इथे जवळजवळ वर्षभर वाहतो. आईनं पदर कमरेला खोचला तो शेवटच्या दिवशीच सोडला.

संध्याकाळी उतरलो होतो त्या घराच्या कोपऱ्यावर एक झाड पिवळ्या घंटांनी भरलेलं दिसलं. माझी छाती धडधडायला लागली. मी रस्त्यात उभं राहून, गुडघ्यावर बसून, सूर्य पाठीमागे घेऊन चाळीसेक फोटो काढले. आई शांतपणे बघत होती. मग म्हणाली, "आगं, ह्यो टिकोमा. आपल्या पंचायत समितीच्या गेटावर हाय की."

टिकोमाच होता. किब्राहाचाच्याच कुळातला, त्यामुळे माझी चूक अगदीच अडाणी नव्हती असं मी रात्री दोनदा सांगून बघितलं.

मंगळवार

सकाळ विलेमस्टाडमध्ये गेली. खाडीच्या तोंडावर रंगीत डच घरांची रांग, समोर 1888 सालापासूनचा होड्यांवर तरंगणारा पूल. जहाज आलं की पूल माणसांसकट बाजूला सरकतो. आम्ही वर असतानाच तो सरकला, आई कठड्याला धरून हसत सुटली. युनेस्कोनं 1997 साली हे शहर जागतिक वारसा यादीत घेतलंय, सगळ्या फोटोंत हेच असतं, म्हणून मी जास्त लिहीत नाही. बाजारपेठेत टोपी घ्यायला शिरलो तो दुकानदार सिंधी निघाला. त्यांची आजोबांपासून इथे दुकानं. आईनं हिंदीत घासाघीस केली आणि त्यानंही मनापासून साथ दिली, बहुतेक बरेच दिवसांनी कुणीतरी नीट भांडलं असावं.

भाजीवाल्याकडे आणखी एक गंमत. इथली बोली पापियामेंतु. पोर्तुगीज-स्पॅनिश अंगाची, तिच्यात डचही मिसळलेली. बटाट्याला ती बाताता म्हणते. आपल्याला तो शब्द पोर्तुगीजांनीच दिला. आईनं "बटाटा" म्हणून बोट दाखवलं आणि बाईनं बटाटे दिले. तेव्हापासून आईचा समज झाला की या लोकांना मराठी थोडं येतं.

दुपारी भाड्याच्या गाडीनं पश्चिमेकडे निघालो. शहर संपलं तशी आई खिडकीला नाक लावून बसली. मला वाटलं होतं तिला हे सगळं नवं वाटेल. झालं उलटंच. "ही येडी बाभळ." होय, तीच, इथे तिला इंजू म्हणतात. आपल्याकडे ती बाहेरून आणून लावली आणि मग आवरेना. इथे मात्र ती घरची. "ह्यो फड्या निवडुंग." इथला इन्फ्राऊ. "आन शेळ्या तर बघ, येकीच्या बी गळ्यात दावं न्हाई." रस्त्याकडेला खांबांसारखे उंच निवडुंग, कादुशी आणि दातू. दातूचे खांब ओळीनं रोवून शेतांना कुंपण केलेलं. वर्षाचा पाऊस साधारण 550 मिलिमीटर. माणदेशातला आकडाही याच्याच आसपासचा. फरक एवढाच की इथे चहूबाजूंनी समुद्र दिसतो आणि त्याचा शेतीला काडीचा उपयोग नाही.

मैत्रिणीची आत्या बार्बर गावाजवळ राहते. सत्तरीच्या पुढची, काटक. सगळे तिला तांता म्हणतात, म्हणजे मावशी-आत्याच. आम्हीही तेच म्हटलं. चहापाणी व्हायच्या आत ती आम्हाला परसात घेऊन गेली.

आणि तिथे ते होतं. खरं सांगते, मी एकटी असते तर बाजूनं निघून गेले असते. साधारण दोन पुरुष उंचीचं, करडं, खरबरीत सालीचं, पान नावाला नाही. पावसाळी दिवसांत त्याला तळहातासारखी पसरलेली संयुक्त पानं येतात, कोरड्यात ती गळून जातात. तांतानं एक फांदी खाली ओढली. काटकीच्या टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढ्या कळ्यांचा गुच्छ, वरून पिंगट लव.

"उद्या?" मी विचारलं.

तांतानं खांदे उडवले. "मला विचारून नाही फुलत."

परसाच्या फाटकाला एक जुना खांब होता, तिच्या वडिलांनी रोवलेला, किब्राहाचाचाच. ऊन-पावसात पन्नास वर्षं उभा. आईनं बोटाच्या पेरानं वाजवून बघितला. लाकूड ठोकल्यासारखा आवाज नाहीच, लोखंडी पहारीसारखा. किब्रा म्हणजे मोडणं, हाचा म्हणजे कुऱ्हाड. आईनं तिथल्या तिथे बारसं केलं: कुऱ्हाडमोड्या. तांताला अर्थ सांगितला तेव्हा ती म्हणाली, तिच्या वडिलांची खरंच मोडली होती.

बुधवार

वाया गेलेला दिवस. म्हणजे झाडाच्या हिशेबानं.

सकाळी परसातल्या कळ्या जरा फुगलेल्या होत्या, फार नाही. मला धीर निघेना. कुणीतरी म्हणालं की केनेपाच्या बाजूच्या टेकड्यांवर दरवर्षी भरपूर असतात, म्हणून आम्ही तिकडे गेलो. टेकडी होती, झाडंही होती, सगळी कोरडी ठाक. कळीसुद्धा नाही. शुक्रवारचा पाऊस तिथवर पोचलाच नव्हता. हे बेट लांबीला साठेक किलोमीटर आणि रुंदीला बोटभर, तरी इथे पाऊस पट्ट्यापट्ट्यानं पडतो आणि झाडं त्या पट्ट्याप्रमाणे फुलतात. आपल्याकडे शिवार ओलं, शेजारचं कोरडं असतं तसंच. "म्हंजी ह्या झाडाचा सातबारा पावसाच्या नावावर," आई म्हणाली.

तिथेच केनेपाचा जुना मळा आहे. 17 ऑगस्ट 1795 रोजी इथल्या गुलामांनी तुला नावाच्या माणसाच्या पुढारपणाखाली काम बंद केलं आणि बेटावरचं सगळ्यात मोठं बंड सुरू झालं. दीडेक महिन्यात ते चिरडलं, तुलाला हाल हाल करून मारलं. गुलामगिरी कायद्यानं संपायला 1863 साल उजाडलं. मळ्याच्या ओट्यावर उभं राहून मला ते नावच सारखं आठवत होतं. कुऱ्हाड मोडणारं झाड, हे नाव मालकानं ठेवलं असेल असं काही वाटत नाही. कुऱ्हाड ज्याच्या हातात तोच असं नाव ठेवणार. आणि मालकाची कुऱ्हाड मोडली की ती चालवणाऱ्याच्या पाठीवर काय होत असेल?

परतताना टायर बसला. बाभळीचा काटा. भाड्याच्या गाडीत जॅक होता, पाना नव्हता. कंपनीच्या नंबरावर गाणं वाजत राहिलं. शेवटी एक म्हातारा टेम्पो थांबवून उतरला, दहा मिनिटांत चाक बदललं, पैसे घेईना. आईनं पिशवीतला राजगिऱ्याचा लाडू त्याच्या हातावर ठेवला.

वाटेत जुन्या पद्धतीचं एक घर जपून ठेवलंय ते बघितलं. काटक्या, माती आणि शेणाच्या भिंती, आणि वर धाटांचं छप्पर. आई छपराखाली गेली, एक धाट चिमटीत धरलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "कडबा!" खरोखर कडबाच. आफ्रिकेतून आणलेल्या लोकांबरोबर ज्वारी इथे आली. मक्याला इथे मायशी म्हणतात आणि ज्वारीला मायशी चिकी, लहान मका. कित्येक पिढ्या या कोरड्या बेटावर तिच्यावरच जगल्या. आई त्या घरातून अर्धा तास बाहेर यायला तयार नव्हती. मी मात्र सगळा वेळ कळ्यांचाच विचार करत होते. आता लाज वाटते.

गुरुवार

पहाटे साडेपाचला तांतानं दार वाजवलं. बोलली काहीच नाही, नुसती हात हलवून "या" म्हणाली.

अंधार होता. परसात गेलो तेव्हा झाड दिसायच्या आधी ऐकू आलं. भुंग्यांचा घूं असा सलग आवाज. मग पूर्वेकडे जरा फटफटलं आणि एकेक फांदी दिसत गेली. काल संध्याकाळी करडं असलेलं ते झाड बुंध्यापासून शेंड्यापर्यंत पिवळं. एक पान नाही, हिरव्याचा ठिपकाही नाही.

मी फूल हातात घेऊन बघितलं. कर्ण्यासारखं, बोटभर लांब, तोंडाशी पाच चुणीदार पाकळ्या, इस्त्री न केलेल्या ओढणीसारख्या. घशाला आतून लव आणि त्या लवेतून आत जाणाऱ्या बारीक तांबूस रेघा, जणू माशीला वाट दाखवायला आखलेल्या. वास अगदी मंद, नाक खुपसल्याशिवाय कळत नाही. आमच्या समोर एक चिमुकला पक्षी आला, पोट पिवळं, भुवई पांढरी. इथे त्याला बारिका हेल म्हणतात, म्हणजे पिवळं पोट. आपल्या शिंजिराएवढाच. पण हा लेकाचा फुलाच्या तोंडातून मध पीत नाही. फुलाच्या बुडाशी चोचीनं भोक पाडतो आणि तिथूनच चोरतो. परागाचं काम भुंग्यांनी करायचं, याचं फुकट.

दिवस फुटल्यावर आम्ही क्रिस्टोफेल उद्यानाकडे निघालो. सावोनेतसारखे तीन जुने मळे एकत्र करून 1978 साली हे उद्यान सुरू झालं. शेवटच्या वळणावर डोंगर समोर आला आणि मी गाडी बाजूला घेतली.

जेजुरी आठवली, आठवणारच. पण नीट बघितल्यावर ते तसं नव्हतं. भंडारा उधळला की दगड, पायऱ्या, माणसं सगळ्यांवर सारखा बसतो. इथे डोंगर तपकिरीच होता, निवडुंगाचे हिरवे खांब तसेच होते, आणि त्यातून शेकडो ठिकाणी वेगवेगळी, काठ स्पष्ट असलेली पिवळी झाडं. इतके दिवस ती कुठे होती ते कळतच नव्हतं. त्या एका दिवशी डोंगरावरचा प्रत्येक किब्राहाचा मोजता आला असता.

एकदम का फुलतात? मी घरून वाचून गेले होते ते असं. कळ्या कोरड्या काळातच तयार होऊन थांबलेल्या असतात. झाडानं पानं टाकलेली असतात, त्यामुळे पाणी उडून जायला वाट नसते. पाऊस पडला की मुळांनी ओढलेलं पाणी थेट त्या थांबलेल्या कळ्यांना मिळतं. एका पट्ट्यातल्या सगळ्या झाडांना एकाच रात्री पाणी मिळालं, म्हणून सगळी एकाच सकाळी जागी. पूर्वी शास्त्रज्ञ या झाडाला टॅबेबुया म्हणत. 2007 साली त्या मोठ्या घराण्याची वाटणी झाली आणि हे हँड्रोअँथसमध्ये गेलं. विक्रोळीला हायवेच्या कडेनं गुलाबी फुलणारे टॅबेबुया मूळ घरातच राहिले. म्हणजे भाऊबंदच, फक्त चूल वेगळी.

आई हे सगळं ऐकून म्हणाली, "पळसाला काय येगळं असतंय?" तिचं खरं होतं. आधी पान टाकायचं, मग फुलायचं, हे आपल्या पळस-पांगाऱ्यालाही येतंच. फक्त पळस फाल्गुनाची वाट बघतो आणि याला पंचांग नाही.

दुपारी तांताकडे जेवायला. तिनं शेळीचं मटण रटरटत ठेवलेलं, काब्रितु स्तोबा, वास गल्लीभर. आणि आईचा गुरुवार! मी ओशाळत सांगितलं. तांतानं क्षणभर आईकडे बघितलं, आत गेली आणि चवळी घालून शिजवलेलं मक्याचं घट्ट, किंचित गोड तुतु घेऊन आली. आईनं ते दोनदा मागून घेतलं. मटण मी खाल्लं, माझा गुरुवार नाही.

जेवल्यावर दोघी परसात बसल्या. वाऱ्यानं फुलं पडायला सुरुवात झाली होती आणि तांताच्या तीन शेळ्या ती टिपत होत्या. आईला ते फार आवडलं. तांताचा पुतण्या मात्र म्हणाला की याच शेळ्यांमुळे उद्यानाबाहेर किब्राहाचाचं नवीन रोप दिसत नाही. उगवलं की खाल्लं. उद्यानात गेली कित्येक वर्षं मोकाट शेळ्या काढायचं काम चालू आहे, तिथे रानात पोरसवदा झाडं दिसतात. बाहेर आहेत ती म्हातारी. त्याचं बरोबर आहे असं मला वाटतं. पण त्या वेळी आई एका करडाच्या कानामागे खाजवत होती, म्हणून मी भाषांतर केलं नाही.

शुक्रवार

एकटीच क्रिस्टोफेल चढले. उंची 372 मीटर, कळसूबाईसमोर पोर. पण ऊन असं की सकाळी दहानंतर कुणी चढायला लागू नये अशी उद्यानाची ताकीद आहे, आणि ती पाळावी. निम्म्यापर्यंत झाडीतली साधी पाऊलवाट, वरच्या अंगाला फांद्यांवर ऑर्किडं आणि दाढीसारखं लोंबणारं दगडफूल. शेवटचा टप्पा हातापायांनी, खडकाला चिकटून. त्या टप्प्यावर एका कपारीत किब्राहाचाचं झाड होतं, वाऱ्यानं कमरेत वाकवलेलं, जेमतेम माझ्या खांद्याएवढं, तरी फुललेलं. मी आधाराला त्याचं खोड धरलं. अंगठ्याएवढी फांदी, माझा सगळा भार घेऊन हललीसुद्धा नाही.

वरून पट्टा दिसला. डोंगराच्या एका अंगाला पिवळं, आणि मग जणू दोरी मारल्यासारखं संपलेलं. त्यापलीकडे बुधवारच्या टेकड्या करड्याच.

उतरताना वाट बदलली होती. सकाळी चढताना मातीची होती, आता फुलांची. पाय ठेवायला जागा शोधत उतरले. एका दगडावर हातभर लांबीची घोरपडीसारखी युआना बसली होती, इथली इग्वाना. तोंडातून पिवळी पाकळी लोंबत होती. माझ्याकडे बघत तिनं ती सावकाश आत ओढून घेतली.

संध्याकाळी तांताच्या झाडावर निम्मी फुलं उरली होती. देठाशी पातळ, लांब शेंगा धरतील, मग उकलतील आणि कागदासारखे पंख असलेलं बी वाऱ्यावर जाईल. पुढचं शेळ्यांच्या मर्जीवर.

शनिवार

सकाळी परसातलं झाड जवळजवळ रिकामं. खाली मात्र गोल पिवळी चटई आणि तिच्यावर शेळ्या. तांतानं आईला एक फूल दिलं, आईनं ते अंबाड्यात खोवलं. बदल्यात टिकलीचं पाकीट दिलं. दोघी काय बोलल्या मला माहीत नाही, मी गाडी धूत होते. पाना न ठेवणारे गाडीवाले लोक ती स्वच्छ परत मागतात. वायपरखालची पाकळी तरी राहिलीच.

विमानतळावर रांगेत होतो तेव्हा फोन वाजला. मैत्रिणीनं हॉलंडहून पुढे पाठवलेला तांताचा निरोप: रात्री केनेपाकडे जोराचा पाऊस झाला, बुधवारची आपली ती टेकडी पुढच्या आठवड्यात फुलेल.

मी आईला वाचून दाखवलं. तिनं अंबाड्यातलं मलूल फूल काढून बोर्डिंग पासाच्या घडीत ठेवलं आणि हळूच विचारलं, "तिकीट बदलून मिळतं का गं हितं?"